रिपोर्टापलीकडचा सीटी



या परिषदेच्या दोन दिवसांत नव्या लेझरविषयी, नव्या स्कोपविषयी भरपूर बोललं जाईल. मला बोलायचंय ते मुतखड्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळबद्दल. सीटीच्या चित्रांसमोर आपण स्वतः किती वेळ बसतो?

रिपोर्टात बहुधा एवढंच असतं: खालच्या कॅलिक्समध्ये १४ मिमीचा खडा. खडा कुठं आहे ते कळलं. तिथवर दुर्बीण वळेल का, हे कुठं कळलं? एल्बहनसी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली खालच्या कॅलिक्सचा कोन आणि त्याच्या मानेची लांबी-रुंदी यांचा खडा साफ होण्याशी संबंध दाखवला. ती मोजमापं आयव्हीपीवरची होती. आयव्हीपीत रंग भरल्यामुळे आतल्या पोकळीचा पूर्ण साचा दिसायचा. आज आपण बिनरंगाचा सीटी करतो. त्यात खडा लख्ख दिसतो आणि साचा हरवतो. सोय झाली, पण काहीतरी गमावलंही. म्हणून खालचा खडा असेल आणि क्रिएटिनिन परवानगी देत असेल, तर रंग देऊन उशिराच्या फिल्म मागवायला मी कचरत नाही.

हातात धरलेला स्कोप २७० अंशांपर्यंत वळतो. त्यात लेझरचा फायबर घातला की वळण कमी होतं, आणि फायबर जाड असेल तर आणखीच. अरुंद कोन आणि लांब मान आधी दिसली असेल, तर बारीक फायबर आणि बास्केट ट्रॉलीवर तयार राहतात. खडा वरच्या कॅलिक्समध्ये हलवून मग फोडता येतो. ऐनवेळी बास्केट शोधायला कुणाला पळवावं लागत नाही.

आकाराचंही तसंच. १० मिमीच्या गोल खड्यापेक्षा २० मिमीच्या खड्याचं घनफळ आठपट असतं, आणि लेझरला वेळ घनफळाप्रमाणे लागतो. खडा १००० हाउन्सफील्डच्या पुढचा असेल तर घड्याळ आणखी धावतं. वेळ वाढला की पाण्याचा दाब आणि तापाची भीती वाढते. तुर्कस्तानातल्या रेसोर्लू-उन्साल गुणांकनात (२०१२) २० मिमीहून मोठा खडा, ४५ अंशांखालच्या कोनातला खालचा खडा, एकाहून अधिक कॅलिक्समधले खडे आणि किडनीची वेगळी रचना, अशा चार बाबींना प्रत्येकी एक गुण आहे. रुग्णाशी बोलायला हा आकडा उपयोगी पडतो. चित्र न पाहण्याची सबब म्हणून मात्र तो वापरू नये.

एक गोष्ट सीटी सहसा सांगत नाही: मिटलेली मूत्रवाहिनी किती सैल आहे. १२/१४ फ्रेंच शीथ बाहेरून जवळजवळ पावणेपाच मिमी असते. ती सरकत नसेल तर रेटायची नाही. डीजे स्टेंट ठेवून एक-दोन आठवड्यांनी परत यायचं. हे नातेवाइकांना थिएटरच्या दारात सांगणं मला अयोग्य वाटतं. सुट्टी आणि पैसे त्यांनी एकाच ऑपरेशनपुरते जमवलेले असतात. दुसऱ्या खेपेची शक्यता आणि तिचा खर्च संमतिपत्रावर सही घेण्याआधीच बोलून घ्यायला हवा.

सभागृहातल्या रेडिओलॉजिस्ट मित्रांकडे एक मागणं आहे. मुतखड्याच्या रिपोर्टात घनफळ, घनता आणि दिसत असेल तर खालच्या कॅलिक्सचा कोन लिहीत जा. आणि आम्ही चित्र घेऊन तुमच्या खोलीत आलो, तर बाजूला एक खुर्ची ठेवा.