तांबडा आणि लाल



आज मी आपल्यापुढे एकच शब्द ठेवणार आहे: 'तांबडा'. वार्षिक व्याख्यानाला हा विषय फारच लहान, असे कोणाला वाटेल. पण इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतली मराठी कशी बदलते, ते या लहानशा शब्दावरून चांगले कळते.

बर्लिन आणि के या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली जगातील अनेक भाषांमधल्या रंगनामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भाषेत रंगांची तीनच मूळ नावे असतात, तिथे काळा आणि पांढरा यांच्यानंतरचे तिसरे नाव याच रंगाचे असते, असे त्यांनी मांडले. मराठीने तर या रंगाला रोजच्या वापरातली दोन नावे दिली: तांबडा आणि लाल.

'तांबडा' आला संस्कृत 'ताम्र' या शब्दावरून. ताम्र म्हणजे तांबे आणि तांब्याचा रंगही. त्याचे गोत मोठे आहे. तांबे घडवणारा तांबट; त्याच्या ठोक्यासारखा टुक्‌टुक्‌ आवाज काढणारा पक्षीही तांबटच. गव्हावर पडणारा रोग तांबेरा. जागरणाने डोळे तांबारतात. सांजेचे आभाळ तांबूस होते. आणि पाण्याचा तांब्या आज स्टीलचा झाला, तरी नाव तांब्याचेच राहिले. 'तांबूल' मात्र या घरातला नव्हे, तो विड्याचा.

'लाल' फारसीतून आला. फारसीत माणकालाही हेच नाव आहे, आणि त्या रत्नाची चमक या शब्दाला मराठीतही आहे. म्हणून ओठ लालचुटुक, कुंकू लालभडक. पुढे कचेरी आणि रस्ता यांतली कामेही त्याच्याकडे गेली: लाल फीत, लाल दिवा, लाल बावटा. परका म्हणून त्याला कोणी दाराबाहेर उभे करू नये. शिवरायांचे बालपण पुण्याच्या लाल महालात गेले. आपल्या इंदुरातला होळकरांचा वाडाही लालबागच.

दोन शब्द एकाच रंगाचे असले, तरी त्यांची कामे सारखी नाहीत. गोठ्यातली गाय तांबडी असते. तिला लाल म्हटले तर शेतकरी हसेल. कोल्हापूरच्या पानात तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा असतो. पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी. आणि पहाटे तांबडे फुटते. तिथे 'लाल फुटले' म्हणून पाहा, वाक्य उभेच राहत नाही. माती, जनावर, स्वयंपाक, आभाळ ही 'तांबडा'ची वतने आहेत.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडच्या मुलांच्या बोलण्यात 'लाल' आहे आणि 'तांबडा' जवळजवळ नाही. याचे कारण आळस नव्हे. दोन भाषांत वाढणारे मूल दोन्हीकडे चालणारे नाणे आधी खिशात ठेवते. 'लाल' घरी चालतो, शाळेत चालतो, सराफ्यातही चालतो. 'तांबडा' घराच्या उंबऱ्याशी थांबतो. शिवाय माळव्याची माती काळी. तांबडी धूळ पायाला लागत नाही, मग तिचे नाव तोंडात कसे येणार? 'पांढरा' अजून टिकून आहे, कारण हिंदीचा 'सफेद' मराठी घरात तितका सहज बसत नाही.

गोव्यात नेमके उलटे आहे. तिथे शेजारच्या कोकणीत 'तांबडो' हाच रोजचा शब्द. बाजारात तांबडी भाजी मिळते, पायाखाली तांबडी माती असते. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या दगडाचे आहे, पण गावाच्या नावात तांबडी आहेच. बेळगावकडे शेजारच्या कन्नडमध्ये 'केंपु' म्हणतात. त्याचा आपल्या दोन्ही शब्दांशी संबंध नाही, म्हणून एकाला बळ आणि दुसऱ्याला धक्का असे तिथे होण्याचे कारण नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परप्रांतात भाषा झिजते ती परके शब्द घुसल्यामुळेच, असे आपण धरून चालतो आणि मुलांच्या तोंडचे हिंदी शब्द वेचत बसतो. पण इथे मुलाच्या तोंडी आहे तो 'लाल'ही अस्सल मराठीच आहे. त्याला टोकायला जागा नाही. चूक झालेली नसते, आणि तरी एक शब्द गेलेला असतो. त्याच्याबरोबर तांबूस, तांबारणे, तांबडे फुटणे हेही जाते. मग आजी म्हणते, "तांबडं फुटायच्या आत उठ," आणि नातू विचारतो, "काय फुटायच्या आत?" दोघेही मराठीच बोलत असतात.

उपाय मोठा नाही. 'लाल' म्हणणाऱ्याला अडवू नका. मात्र शब्द वस्तूसकट द्या. डाळिंबाचे दाणे दाखवताना लाल म्हणा. तांबड्या भोपळ्याची भाजी करताना तांबडा म्हणा. देवघरातला तांब्या घासताना त्याचा रंग आणि त्याचे नाव एकत्र सांगा. एखाद्या पहाटे मुलांना गच्चीवर न्या आणि पूर्वेकडे बोट दाखवून सांगा, हे तांबडे फुटले. व्याख्यानाने शब्द टिकत नाहीत. घरात त्यांना रोज काही काम असावे लागते. 'तांबडा'ला तेवढे काम आपल्या घरात अजून आहे.