गळाचा मासा आणि पावसाळ्याचे दोन महिने
(अमडापूर येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या वाणाविषयी ऐकावयास मिळेल अशा अपेक्षेने आपण आला असाल. मी मात्र माशांविषयी बोलणार आहे. विषय परका वाटला तरी तसा तो राहिलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे मासाही आता आपल्या बांधाच्या आत आला. शिवाय पैनगंगेवरील येळगाव व पेनटाकळी, खडकपूर्णेवरील संत चोखासागर, हे मोठे जलसाठे आपल्याच जिल्ह्यात आहेत. ज्या पाण्यावर आपले ओलीत चालते, त्याच पाण्यावर भोई बांधवांच्या संस्थांची मासेमारी चालते. आणि अलीकडे त्याच पाण्याच्या काठी रविवारी मोटारसायकलला काठ्या बांधून येणारी, केवळ हौसेने गळ टाकणारी तरुण मंडळीही बसलेली दिसतात.

या हौशी मंडळींविरुद्ध माझी तक्रार नाही. गळाने एका वेळी एकच मासा निघतो आणि नको तो मासा जिवंत परत सोडता येतो. जाळ्याच्या मानाने ही पद्धत सौम्यच आहे. परंतु एक गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. बारीक आसाचे जाळे पिल्ले नेते, तर गळवाला मोठ्या माशाच्या मागे असतो. फोटो काढावयाचा तर पाच किलोचाच मासा हवा! आणि पाच किलोची रोहू मादी म्हणजे काय? रोहू, कटला, मृगळ या माशांची मादी स्वतःच्या वजनाच्या दर किलोमागे साधारणपणे १ ते ३ लाख अंडी देते. म्हणजे जून महिन्यात काठावर ओढलेली अशी एक मादी पाच-सात लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंडी पोटात घेऊन आलेली असते. आपण तिची गाबोळी तव्यावर परततो आणि चवीने खातो. बियाण्याची ज्वारी कोणी दळून खात नाही; येथे मात्र आपण नेमके तेच करतो.

आता हे मासे वितात केव्हा ते पाहू. मृगाचे, आर्द्रेचे दमदार पाऊस झाले, नाल्यांना पूर आले आणि गढूळ पाणी जलाशयात शिरू लागले की तयार झालेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. नदी जेथे जलाशयास मिळते ते मुख, नव्याने बुडालेली गवताळ काठाची जमीन, सांडव्याखालचा फेसाळ डोह, या ठिकाणी त्यांची गर्दी होते. अंडी पाण्यात सुटली की अनुकूल उष्णतामानात १५ ते १८ तासांत पिल्ले बाहेर पडतात व पहिले तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. सगळा मामला काही दिवसांचा असतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे नाल्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावले जाते, सांडव्याखाली टोपल्या धरल्या जातात, काठ्यांनीसुद्धा मासे मारले जातात. (सांडव्याखाली उतरणे जिवावर बेतते, हे वेगळे सांगावयास नको.)

येथे एक खुलासा करतो. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे आपल्या नद्यांतले नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातून आलेले पाहुणे आहेत. लहान तलावांत ते सहसा वीत नाहीत, तेथे दरवर्षी मत्स्यबीज सोडावे लागते. मोठ्या जलाशयात वरून पुराचे पाणी येत असेल तर ते विऊ शकतात. मरळ, शिंगाडा, वाम, मळ्या, खवल्या हे आपले गावठी मासे मात्र दरवर्षी स्वतःच आपली पेरणी करीत असतात. त्यांचे बीज विकत मिळणे सोपे नसते. काठावरच्या उथळ पाण्यात त्यांचे एक-दोन हंगाम बुडाले की तो मासा बाजारातून हळूच नाहीसा होतो आणि काही वर्षांनी म्हातारी माणसे त्याची नुसती आठवण सांगतात.

मरळीविषयी माझी स्वतःचीच एक चूक सांगतो. मी शाळेत असताना गावच्या तलावावर मामाबरोबर गळ टाकावयास जात असे. एकदा श्रावणाच्या सुमारास पाण्यावर लालसर पिल्लांचा एक गोळा वळवळताना दिसला. मामाने सांगितले, "याच्या खाली आई असते." बेडकाचे पिल्लू गळाला लावून आम्ही त्या गोळ्याजवळ टाकले. मरळ भुकेने आली नव्हती, पिल्ले राखावयास आली होती. तिने झडप घातली. दीड-दोन किलोची असेल. घरी कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी गेलो तो गोळा विस्कटलेला होता आणि दुसरे मासे पृष्ठभागावर चटाचट तोंडे मारीत होते. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे अभ्यासात वाचले की, मरळीची जोडी पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांची राखण करते. आईबाप मारले की पिल्लांचा अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्हणून लाल पिल्लांचा गोळा दिसेल तेथे गळ टाकू नये. हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात शोधण्याची गरज नाही.

कायदा मात्र आहे, आणि तो जुना आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यातच पाण्यात स्फोटक टाकून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला होता. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. त्या काळी दोनशे रुपयांत बैलजोडी येत असे, हे लक्षात घ्यावे. महाराष्ट्राने पुढे १९६० चा आपला मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. तरीही विहिरीच्या कामावरची जिलेटीनची कांडी डोहात पडल्याचे अधूनमधून ऐकू येते. स्फोटाने जितके मासे वर तरंगतात त्याहून कितीतरी तळाशी मरून पडतात. पिल्ले, अंडी आणि माशांचे खाद्य असलेले बारीक जीव तर सरसकट जातात. आणि कांडी हातात फुटून माणसाचा पंजा जातो तो निराळाच.

शेजारी काय चालते पाहा. जळगाव जामोद ओलांडले की मध्य प्रदेशाचा बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. त्या राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांचा प्रजननकाळ धरून नदी-जलाशयांतील मासेमारी बंद ठेवली जाते. हिमाचल प्रदेशात भाक्रा धरणाच्या गोविंदसागरावर आणि पोंग जलाशयावरही पावसाळ्यात दोन महिने जाळी वर असतात. आपल्या सागरी किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै होड्या बंद असतात, हे तर आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. आपल्याकडे जलाशय ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात. कोणत्या काळात, किती आसाच्या जाळ्याने मासे धरावयाचे, हे त्या ठेक्याच्या अटींत पाहावे. सभासदांनी तो कागद कपाटात न ठेवता बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावा.

दोन महिने चूल कशी पेटवावी, हा भोई बांधवांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नुसत्या उपदेशाने देता येत नाही. बंदीच्या काळासाठी सभासदाने थोडी बचत करावी आणि केंद्र व राज्य शासनाने तीत भर घालावी, अशी योजना आहे. तिची चौकशी बुलढाणा येथील मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात करावी. परंतु संस्थेचा माणूस पोटासाठी थांबला आणि त्याच डोहावर हौशी माणूस गळ घेऊन बसला, तर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हौसेला तर दोन महिने सुटी देणे मुळीच अवघड नसावे. इतर दिवसांतही ज्या संस्थेने पैसे मोजून बीज सोडले, तिची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या वावरातले हरभऱ्याचे घाटे तोडण्यासारखेच आहे. मुंबईच्या पवई तलावावर हौशी मासेमारांची संघटना कित्येक दशके सभासदत्व आणि परवाना या पद्धतीने गळाची मासेमारी चालविते. आपल्या संस्थांनीही हौशी लोकांकडून दिवसाची थोडी फी घ्यावी, पावती द्यावी आणि त्या पैशाचे बीज आणावे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीतील पलढगसारख्या तलावांवर मात्र गळ घेऊन जाऊच नये. तेथे वन्यजीव कायदा लागू आहे.

आता बीजाविषयी. मत्स्यजिरे स्वस्त पडते म्हणून तेच जलाशयात ओतणे म्हणजे शिकारी माशांना चारा घालणे होय. ८० ते १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली सोडावी. आणि कोणताही बाहेरचा मासा 'झपाट्याने वाढतो' एवढ्याच कारणाने आणू नये. अफ्रिकन मागूर, ज्याला लोक थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनावर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो सुटला की दिसेल ते खातो. उजनी जलाशयात भिगवण-इंदापूरकडे चिलापी हाच बाजारातला मुख्य मासा होऊन बसला आहे; तोही परदेशी.

हौशी मंडळींच्या आवडत्या महसीर माशाची हकिकत तर फारच बोलकी आहे. दख्खनचा महसीर कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून शास्त्रात नोंदविला. पुढे तो फार कमी झाला. १९७० च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास त्याचे कृत्रिम प्रजनन साधले आणि टाटा वीज कंपनीच्या वळवण तलावावर त्याची लाखो पिल्ले तयार होऊ लागली. काम मोलाचे होते. परंतु त्यांतील काही पिल्ले दूर कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर होता, जगातील सर्वांत मोठ्या महसिरांपैकी एक. पाहुणा तेथे फोफावला आणि घरचा मागे पडला. २०१८ मध्ये या कुबड्या महसिराची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून झाली. चांगल्या हेतूने, चांगला मासा, पण चुकीच्या नदीत. आपला बुलढाण्याचा माथा तर असा की, दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेतून गोदावरीला जाते आणि उत्तरेचे पूर्णेतून तापीला. एका बाजूचा मासा बादलीत घालून दुसऱ्या बाजूच्या तलावात सोडताना हे आठवावे.

शेवटी आपल्या शेताकडचा भाग. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी असतात. अगदी थोड्या प्रमाणातही मासे मरतात. फवारणीनंतर पंप नाल्यात धुवू नये, रिकाम्या बाटल्या पाण्यात फेकू नयेत. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात औषध ओतून मासे धरण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. तो मासा खाणाऱ्याच्या पोटात काय जाते याचा विचार करावा, आणि त्याच डोहावर गुरे पाणी पितात हेही विसरू नये.

ज्यांना गळ टाकावयाचाच आहे त्यांनी काटा नसलेला किंवा काटा चिमट्याने दाबलेला गळ वापरावा. मासा सोडावयाचा असेल तर हात ओले करून धरावा, कल्ल्यात बोटे घालू नयेत. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापावा. भर उन्हाळ्यात तापलेल्या, आटलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा सोडलेला मासाही पुष्कळदा वाचत नाही, म्हणून दुपारी गळ टाकू नये. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. दीड किलोखालचा रोहू-कटला सोडावा, तो बहुधा एकदाही व्यालेला नसतो. आणि जून ते ऑगस्टमध्ये पोट फुगलेली मादी मिळाली तर ती कितीही मोठी असो, सोडावी.

रोहिणी लागण्यापूर्वी, मे महिन्यातच, संस्थेचे सभासद, ग्रामपंचायत आणि गळवाली पोरे यांनी एकदा जलाशयावर एकत्र जावे. कोणत्या नाल्याच्या तोंडाशी मासा चढतो हे जुन्या भोयांना नेमके ठाऊक असते. त्यांना विचारून त्या जागेच्या दोन्ही काठांवर खांब रोवावेत, चुना लावावा आणि पोळ्यापर्यंत त्या खांबांच्या आत जाळे किंवा गळ पडणार नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा.