बाणासाठी जमीन

(महोत्सवानिमित्त सदस्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा सभेत शिक्षकांनी शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. आम्ही मात्र आज जमिनीवर बोलणार आहोत. आमच्या शाळांतील काही मुलामुलींना धनुर्विद्येचा सराव करावयाचा आहे आणि धार व देवास ह्या दोन्ही गावी त्यांना हक्काची, धोका नसलेली जागा मिळालेली नाही.

हे ऐकून काही जणांना हसू येईल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. भगोऱ्याच्या हाटात तीरकमठा खांद्यावर टाकून येणारे भिल्ल आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत. अशा मुलखात बाण मारावयास जागा नाही म्हणजे काय? पण भिल्लाचा कामठा रानातला होता. कांब बांबूची, दोरीही बांबूच्याच चिंबट कामटीची, आणि मैदान म्हणजे सारे रान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. परंतु शिकारीबरोबर रानातला सरावही सुटला, आणि त्याच्या बदली मुलांना दुसरी जागा कोणी दिली नाही.

आम्ही गेले वर्षभर जागा पाहत हिंडलो. त्यातून एवढे कळले की मोकळी दिसणारी जमीन बहुधा मोकळी नसते. सरदारपूरकडचा गवताळ माळ पाहून कोणालाही वाटेल की ह्याहून उत्तम जागा नाही. पण तेथे १९८३ पासून खरमोर पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पावसाळ्यात ते पक्षी त्या गवतात अंडी घालतात. अभयारण्यात शस्त्र नेण्यास मुख्य वन्यजीव प्रतिपालकांची पूर्वपरवानगी लागते. देवास जिल्ह्यातील खिवनीच्या जंगलालाही तोच नियम लागू. धारच्या किल्ल्यात आणि लाट मशिदीच्या परिसरात प्रवासी हिंडतात, शिवाय जुन्या वास्तूच्या दगडावर बाण आदळू देणे हे आम्हांला बरे वाटत नाही. मुंज तलावाचा काठ सकाळी फिरणाऱ्यांचा. देवासची टेकडी माता चामुंडा आणि तुळजाभवानीची. तेथे पहाटेपासून भाविकांची परिक्रमा चालू असते. गायरान, ज्याला आपल्याकडे चरनोई म्हणतात, ते गुरांसाठी राखलेले, आणि तेथे गुराखी कोणत्या झुडपाआडून उठेल ह्याचा नेम नाही. शाळेचे मैदान उरते. पण तेथे चारही बाजूंना मुलेच असतात.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. जमिनीच्या मालकाची लेखी संमती पहिली. निवडणुकीच्या दिवसांत, किंवा गावात तणाव असेल तेव्हा, जिल्हा दंडाधिकारी शस्त्रे घेऊन हिंडण्यास मनाई करतात. त्या दिवसांत सराव बंद ठेवावा, कारण कामठा क्रीडेचा की भांडणाचा हे शिपायाने रस्त्यात ओळखावे अशी अपेक्षा करता येत नाही. एरवीही धनुष्य उतरवून पिशवीत आणि बाण निराळ्या नळीत, सोबत शाळेचे पत्र, असाच प्रवास व्हावा. आणि निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवास धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचे १२५ वे कलम खेळाडू आणि गुन्हेगार असा भेद करीत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हांला उचित वाटते. पैगंबरसाहेबांनी तिरंदाजी शिकण्यास उत्तेजन दिले हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण बुखारी आणि मुस्लिम ह्या दोन्ही हदीससंग्रहांत आणखी एक आज्ञा नोंदलेली आहे. मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरून जावे, कोणास इजा होता कामा नये. सजीव प्राण्याला बांधून निशाणा करण्यासही तेथे मनाई आहे. विद्या आणि तिचे पथ्य ही बरोबरच शिकवलेली आहेत. आपल्या भाषेतही हे आहेच. आज आपण वर्गात 'शिस्त' म्हणतो. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. मूळ फारसी शब्दाचा संबंध अंगठ्याशी आणि तिरंदाज अंगठ्यात घालीत त्या कड्याशी आहे. तुर्क आणि मोगल अंगठ्याने दोरी ओढीत, भिल्ल अंगठा न लावता बोटांनी ओढतो, आणि गंमत अशी की आजचे ऑलिंपिक खेळाडूही तीन बोटांनीच ओढतात.

आता जागा निर्धोक कशाने होते ते पाहू. ऑलिंपिकचा पल्ला सत्तर मीटरचा, लक्ष्याची चकती १२२ सेंटिमीटरची. पण चकतीपेक्षा चकतीच्या मागे काय आहे हा खरा प्रश्न. आजच्या धनुष्यातून वर सुटलेला बाण दीडशे मीटर सहज ओलांडतो. म्हणून मागे उंच मातीचा बांध हवा किंवा पुष्कळ मोकळी, ताब्यातली जमीन हवी. नुसते जाळे पुरत नाही. बाण उत्तरेकडे तोंड करून मारावे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. सर्वांनी एकाच रेषेवरून मारावे, आणि ज्याची पाळी नाही त्याने निदान पाच मीटर मागे थांबावे. शिट्टीचा संकेत जगभर एकच आहे. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यावे, एक झाली की बाण मारावे, तीन झाल्या की बाण आणावयास जावे. पाच किंवा अधिक वाजल्या की जेथे असाल तेथे थांबावे. दोरी ओढलेली असली तरी बाण सोडू नये. हा पाच शिट्ट्यांचा सराव आम्ही मुलांकडून कामठा हाती देण्यापूर्वी करून घेतो. त्यांना तो कंटाळवाणा वाटतो, वाटू द्या.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची एक निराळी अडचण आहे. पावसाळ्यात चुकलेला बाण चिखलात पिसांपर्यंत जातो, आणि एप्रिलमध्ये जमिनीला भेगा पडल्या की भेग त्याला गिळून टाकते. मग तो अनवाणी पायाला किंवा गाईच्या खुराला सापडतो. म्हणून प्रत्येक बाणावर नाव, आणि दर फेरीला मोजदाद. एक बाण कमी भरला तर तो सापडेपर्यंत पुढची फेरी नाही.

जमीन राखून ठेवण्याची कल्पना नवी नाही. सुलतान महंमद दुसरा ह्याने १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर शहराबाहेरचे एक मैदान तिरंदाजांसाठी वक्फ करून दिले. त्याला 'ओकमैदान' म्हणत. ओक म्हणजे बाण. तेथे घर बांधू नये, गुरे चारू नयेत असा दंडक होता. लांब पडलेल्या बाणांच्या जागी दगडी स्तंभ उभारीत. विसाव्या शतकात शहर वाढले आणि त्या मैदानाच्या बहुतेक भागावर वस्ती झाली. काही स्तंभ आज घरांच्या मधोमध उभे आहेत. वक्फ म्हणजे न्यासच. शतकानुशतके जे मैदान टिकले ते ते न्यासाचे होते म्हणून.

इतके दूर जावयाचे नसेल तर सातारा पाहा. तेथे उसाच्या शेतांमधल्या साध्या मैदानावर सराव करणारी आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली, वयाच्या सतराव्या वर्षी. तिचे वडील शाळेत गणित शिकवतात. त्याच ठिकाणी तयार झालेला नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत त्याच दिवशी विजेता ठरला. तेथे मोठा प्रासाद नव्हता. शेत होते, आणि शेजारच्यांना ठाऊक असलेली वेळ होती. आपल्या राज्याची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे आणि तिचे काम चांगले आहे. मुस्कान किरार तेथलीच, २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तिच्या संघाला रौप्यपदक मिळाले. पण धारहून जबलपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कोणते आईबाप एवढे दूर पाठवतील? आधी येथे दोन-तीन वर्षे हात बसला पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो. न्यासाच्या वसतिगृहामागची जागा आम्ही दोरीने मोजली. लांबी एकशे तीस मीटर, रुंदी पंचेचाळीस, उत्तरेला नाला. ती लग्नसमारंभांसाठी लांब मुदतीने भाड्याने द्यावी असा विचार चालू आहे हे आम्ही ऐकून आहोत. भाडे न्यासाला नको असे कोण म्हणेल? शिष्यवृत्त्या त्याच पैशांतून निघतात. परंतु मध्यप्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे बिगरशेती जमिनीचा तीन वर्षांवरचा पट्टा निबंधकांच्या पूर्वपरवानगीवाचून वैध होत नाही; आणि एकदा तेथे फरशी व मांडव उभे राहिले की ते मैदान परत मिळत नाही. आमची मागणी पट्ट्याची नाहीच. वर्षावर्षाची लेखी संमती, आठवड्यातून चार सकाळी सहा ते साडेआठ, फाटकाला कुलूप, लाल निशाण आणि दोन शिक्षक हजर. सत्तर मीटरचा हट्टही आम्ही आज धरीत नाही. मागे बांध झाला तर तीस मीटर सुखाने होईल, बांध चांगला बसल्यावर पन्नास.

मुलींनी हे करावे का, असे एका गृहस्थांनी आम्हांला विचारले. नावे देणाऱ्यांत मुलीच अधिक आहेत, एवढेच उत्तर आम्ही दिले.

बांधाला माती फुकट देण्यास नाल्यापलीकडचे शेतकरी तयार आहेत. ट्रॅक्टरचा खर्च पालक वाटून घेतील. विश्वस्तांची बैठक मे महिन्यात आहे असे कळते. माती जूनपूर्वी पडली तर एका पावसात ती दबून बसेल आणि वर गवत धरेल. नंतर पडली तर वाहून नाल्यात जाईल, आणि मुले आणखी एक वर्ष सायकलला कामठा बांधून जागा शोधत हिंडतील.