काम मागण्याचा कागद

औंढा नागनाथ म्हटले की आपल्याला ज्योतिर्लिंगाचे देऊळ आठवते. मी बोलणार आहे ते तालुक्यातल्या खेड्यांबद्दल. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथे ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन येतो, आणि हंगाम संपेपर्यंत घरांना कुलपे लागतात.

कामाचा हक्क महाराष्ट्राने देशाच्या आधी मान्य केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या मजुरीसाठी होता, हे आता फारसे कुणाला आठवत नाही. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला हिंगोली होता. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. म्हणजे ‘काम नाही’ एवढेच उत्तर देऊन सरकारला सुटता येत नव्हते.

निदान कायद्यात तरी. प्रत्यक्षात बाया ग्रामपंचायतीसमोर थांबून विचारायच्या, “काम निघालं का?” उत्तर यायचे, “निघालं की सांगू.” तोंडी मागणीला तारीख नसते, मग १५ दिवस मोजायचे कुठून? आम्हा कार्यकर्त्यांचे खरे काम म्हणजे नमुना ४ भरून घेणे आणि त्याची तारीख घातलेली पोच मिळवणे. पथनाट्ये, मेळावे चांगलेच; पण त्यांनी कुणाच्या हाती पोच येत नाही.

एका गावी पोच मागितली तेव्हा ग्रामरोजगार सेवक म्हणाला, “ताई, पोच दिली की माझ्या गळ्याशी येतं. वर मंजूर कामच नाही.” तो खोटे बोलत नव्हता. गावाच्या आराखड्यात कामच धरलेले नसेल, तर तो बिचारा देणार कुठून? म्हणून आमची निम्मी शक्ती ग्रामसभेत जाते. नाला खोलीकरण, शेततळे, विहिरी ही कामे आधीच आराखड्यात यायला हवीत. कामाची निकड लागल्यावर आठवण होऊन उपयोग नसतो.

तरी मुकादमाशी स्पर्धा अवघडच. एक मावशी म्हणाल्या, “ताई, तुमची मजुरी काम झाल्यावर, तीबी बँकेत. मुकादम आज हातावर ठेवतो. दुकानदाराची उधारी मी तुमच्या पोचेनं फेडू का?” मजुरांना काम नको असते, असे म्हणणाऱ्या मंडळींनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मस्टरवर खोटी नावे चढत, हेही खरे. तपासणी हवीच होती. पण २०२३ पासून हजेरी मोबाइलवर फोटो काढून लागू लागली, आणि माळरानावर नेटवर्क गेले की दिवसभर माती उपसलेल्या बाईचीच हजेरी अडू लागली. खोटी नावे चढवणाऱ्याचे त्यात काय गेले? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवस आहेत. पण पेरणी-कापणीच्या काळात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभाही आहे. १२५ हा आकडा वाचताना हे ६० दिवसही लक्षात ठेवावेत.

त्या मावशींचे पुढे काय झाले, ते सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गेला तर अर्धा कोयता, आणि उचलही अर्धी. त्यांनी ती अर्धी उचल घेतली, दुकानदाराचे भागवले, नवऱ्याला कारखान्यावर धाडले आणि स्वतः नातवंडांना घेऊन गावीच राहिल्या. पोच पदरात बांधलेली होती. चौदाव्या दिवशी नाल्याच्या कामाचे मस्टर निघाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)