आहाराच्या तक्त्यापलीकडे



 

आपण क्रीडा आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक खेळाडूला आहाराचा तक्ता देतो. वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं, सरावानंतर कर्बोदकं, पाणी किती, झोप किती. तक्ता बरोबर असतो. महिन्यानं चौकशी केली तर तो पाळलेला नसतो, आणि आपण म्हणतो, "पोरांना शिस्त नाही." हे निदानच मला मान्य नाही.

सुसान मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्तनबदलाची एक मांडणी केली. कोणतंही वागणं घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा लागते, असं ती सांगते. आपले तक्ते क्षमतेवर थांबतात, आपली भाषणं प्रेरणेवर. संधीकडे कुणी बघत नाही. पहाटे साडेपाचला मैदानावर येणारी कबड्डीची एखादी मुलगी घ्या. सराव संपला की ती तिथूनच शाळेत जाते, पहिला घास मधल्या सुट्टीत. अंडी, मटकी, शेंगदाणे का खायचे हे तिला पाठ आहे. पण डबा भरायचा तर आईला चारला उठावं लागेल, आणि घरात अंडी आलीच तर ती आधी कुणाच्या ताटात जातात हे आपण सगळे जाणतो. तिथं आणखी एक व्याख्यान काय करणार? मैदानालगतच्या खोलीत उकडलेली अंडी, केळी, भिजवलेले हरभरे ठेवा. तिला खा म्हणून सांगावंही लागणार नाही.

आपल्या तालमींना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतल्या पैलवानाला खुराकाची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. मेहनत झाली की थंडाई, ठरल्या वेळेला जेवण, शेजारी जोडीदार आणि वर वस्तादांची नजर. मॅटवरच्या वजनगटाच्या कुस्तीला दूध-तूप-बदामाचं जुनं प्रमाण जसंच्या तसं चालेल, असं माझं म्हणणं नाही. त्या खुराकामागची बांधणी मात्र आपण जरूर उचलावी.

सवय २१ दिवसांत लागते, असं आपण ऐकत आलो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा अभ्यास केला. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात मध्यक ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरे, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आपली शिबिरं बहुधा दहा-पंधरा दिवसांची. तिथं उत्तम जेवलेला मुलगा गावी परतून जुन्या ताटावर आला, तर त्यात त्याचा दोष कसला? पीटर गोल्विट्झर यांनी जर-तरच्या नेमक्या निश्चयाचं बळ दाखवून दिलं आहे. म्हणून शिबिरातून निघताना त्याच्याकडे असा एकच निश्चय द्या: बूट काढले, की आधी डबा उघडायचा. बूट आणि डबा गावातही असतात.

आता एक कळकळीची विनंती. सगळ्यांसमोर मुलींची वजनं करणं, "सुटलीस गं" म्हणणं बंद करा. तो शब्द ऐकलेली मुलगी रात्री भाकरी अर्धी करते, आणि सकाळी दोन फेऱ्या जास्त मारते. अशा उपाशी शरीराचं काय होतं, ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली 'रेड-एस' या नावानं मांडलं आणि २०२३ मध्ये अद्ययावत केलं. पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, दुखापती वाढतात. मुलगेही यातून सुटत नाहीत. तरीही पाळी थांबणं ही कसून सराव केल्याची खूण मानणारे प्रशिक्षक आजही भेटतात. ती शरीर उपाशी असल्याची खूण आहे, हे त्यांना इथून परत जाताना माहीत असलंच पाहिजे.

माझी सूचना अशी की, आपल्या या अधिवेशनानं ठराव करावा: निवासी केंद्रांत मेसची वेळ सरावाच्या वेळेवरून ठरावी, आणि आहारतज्ज्ञाच्या पहिल्या बैठकीला आचारी आणि पालक हजर असावेत. दुपारच्या सत्रात मेस चालवणारे तीन आचारी बोलणार आहेत. कृपया कुणीही जेवणानंतर निघून जाऊ नये, आणि त्यांना प्रश्न विचारायला भरपूर वेळ ठेवावा.