वेळेचे वचन पाळणारी यंत्रे

चपळ मनुष्य वेळेवर येईलच असे नाही. आगगाडी भरधाव धावूनही दोन तास उशिरा पोचू शकते. संगणकाचेही तसेच आहे. पत्र टंकलिखित करणाऱ्या संगणकाने क्षणभर विलंब लावला, तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मोटार आदळताच हवेची पिशवी फुगविण्याची आज्ञा देणाऱ्या संगणकाने तेवढाच विलंब केला, तर त्याचे अचूक उत्तरही व्यर्थ होय. अशा कालबद्ध संगणकाची योग्यता त्याच्या वचनपूर्तीवरून ठरते.

प्रोसेसर एक आणि कामे अनेक, अशी स्थिती असते. म्हणून प्रत्येक कामाला अग्रक्रम ठरवून देतात. वरच्या क्रमाचे काम आले की खालच्याने बाजूला व्हावे, हा नियम. नियम निर्दोष दिसतो; पण त्यातील मेख १९९७ साली मंगळावर चांगलीच प्रत्ययास आली.

त्या वर्षी ४ जुलै रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच थांबून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. जमविलेली माहिती सुरक्षित राही. पण त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. एवढ्या दूर दुरुस्तीला कोण जाणार?

यानावर माहिती वाटपाचे काम निकडीचे होते. सेकंदाच्या आठव्या हिश्शाच्या फेऱ्यात ते उरकावे लागे. हवामानाच्या नोंदींचे काम खालच्या क्रमाचे होते. दोघांचे कोठार मात्र एकच, आणि किल्लीही एकच. एखाद्या कचेरीचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. किल्ली कनिष्ठ कारकुनाच्या हाती आहे, साहेब दाराशी खोळंबले आहेत, आणि मधले अंमलदार आपापली कामे पुढे रेटून त्या कारकुनाला हात मोकळा होऊ देत नाहीत. साहेबांची अडचण त्यांच्या गावीही नाही! यानावर हेच घडले. मुदत टळलेली दिसताच देखरेख करणारे काम सारा संगणक नव्याने सुरू करी.

अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला आणि कारण शोधले. उपाय साधा होता : साहेब खोळंबले असतील, तर किल्ली परत येईपर्यंत कारकुनालाच साहेबांचा अग्रक्रम द्यावा. ही सोय यानाच्या प्रणालीत होतीच. ती बंद राहिली होती. पृथ्वीवरून आज्ञा धाडून ती चालू केली, आणि बिघाड थांबला.

आजच्या एका प्रोसेसरमध्ये अनेक गाभे असतात. त्यांतील एक गाभा निकडीच्या कामासाठी राखून ठेवतात आणि इतर कामे व बाहेरचे व्यत्यय अन्य गाभ्यांकडे वळवितात. ‘लिनक्स’ या प्रणालीत ही सोय आहे. शिवाय, कालबद्ध कामांसाठी तिच्यात करावयाचे फेरफार सुमारे वीस वर्षांच्या खटपटीनंतर २०२४ साली मूळ प्रणालीत समाविष्ट झाले.

तरीही सावध राहावे लागते. वाड्यात बिऱ्हाडे वेगळी केली, तरी विहीर सामाईकच राहते. तसा स्मृतिकोशाकडे जाणारा मार्ग सर्व गाभ्यांचा एकच असतो. तेथे गर्दी झाली की राखीव गाभ्यालाही तिष्ठावे लागते. भिंत घालणे सोपे. भिंतीनंतरही सामाईक काय उरले, हे आधी ओळखणे कठीण. पाथफाइंडर अडले, ते अशाच एका सामाईक किल्लीपाशी.