अंगणांतील शाळा

मराठी घरांतील मुलाची पहिली शिक्षिका बहुधा त्याची आजी असे. तिच्या शाळेला घंटा नव्हती आणि हजेरीपटहि नव्हता. ओसरीवर बसून ती तांदूळ निवडी, तेव्हां नातवंडें शेजारीं बसून खडे वेंचीत. तिनें वाती वळावयास घेतल्या, कीं चिमुकलीं बोटेंहि तिच्या बोटांप्रमाणें फिरूं लागत. चिंचोके मोजतां मोजतां अंक येत, चिऊकाऊची गोष्ट ऐकतां ऐकतां भाषा येई, आणि पाहुण्यासाठीं तांब्या नेतांना पाणी न सांडतां चालणें येई. आपण कांहीं शिकवीत आहों हें आजीला माहीत नसे, आणि आपण कांहीं शिकत आहों हें नातवंडांच्या ध्यानीं येत नसे.

या साध्या व्यवहारांत केवढें तत्त्व सांठविलेलें आहे, हें उमगण्यास शास्त्राला बराच काळ लागला. इ. स. १९०७ मध्यें डॉ. मारिया मॉण्टेसरी यांनीं रोम शहराच्या सान लोरेंझो नांवाच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. पाणी ओतणें, झाडणें, पुसणें, ताटें मांडणें अशा कामांतून मुलाचा हात स्थिर होतो, आणि हातामागून त्याचें मनहि एकाग्र होतें, असा त्यांचा अनुभव होता. परंतु ही पद्धति जेव्हां देशोदेशीं पसरली, तेव्हां तिच्यासाठीं लागणारीं साधनें महाग ठरलीं. गरिबांच्या वस्तींत जन्मलेलें हें शिक्षण हळूहळू श्रीमंतांच्या मुलांचा थाट होऊन बसलें. तें पुन्हां गरिबांच्या अंगणांत नेऊन बसविण्याचें काम महाराष्ट्रांत ज्यांनीं केलें, त्या ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. त्यामुळें मुलीच्या शिक्षणास घरांतून पाठबळ मिळालें. १९१४ सालीं त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाहीं, आणि १९२१ सालीं विवाहविच्छेद झाला. त्या काळीं सुशिक्षित समाजांतहि ही गोष्ट किती कठीण होती, हें सांगावयास नको. पदरीं लहान मुलगी होती. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचें प्राचार्यपद त्यांना मिळालें. मान होता, वेतन होतें. पण भावनगरास गिजुभाई बधेका यांचें बालमंदिर त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि तें प्रतिष्ठेचें पद सोडून त्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या.

गिजुभाई मूळचे वकील. भरघोस मिशांच्या या गृहस्थांना लोक कौतुकानें ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशा असलेली आई. त्यांच्यासह ताराबाईंनीं बालशिक्षणाची भारतीय घडण सिद्ध केली. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ मराठींत निघूं लागली. मुलाला मारूं नये, बागुलबुवाचें भय दाखवूं नये, खाऊची लांच देऊन काम करून घेऊं नये, हीं वचनें आज सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु त्या वेळीं छडीवांचून विद्या नाहीं, हाच घरोघरचा सिद्धान्त होता. आजीच्या शाळेंतील माया ताराबाईंनीं घेतली, आणि तिच्यांतील बागुलबुवा मात्र बाहेर घालविला.

१९३६ सालीं मुंबईस दादर येथें ‘शिशुविहार’ सुरू झाला. पांढरपेशा घरांतील आईबाप विश्वासानें मुलें पाठवूं लागले. एवढ्यावर एखाद्या शिक्षिकेचें आयुष्य कृतार्थ ठरलें असतें. परंतु ज्या मुलाच्या घरीं पुस्तक आहे, पोटभर अन्न आहे, आणि गोष्ट सांगावयास निवांत आजी आहे, त्याला बालमंदिर नसलें तरी एक वेळ चालेल. जेथें यांपैकीं कांहींच नाहीं, तेथल्या मुलाचें काय? या प्रश्नानें त्यांना शहरांत राहूं दिलें नाहीं. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र उभें राहिलें. तो भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. याच १९४५ सालीं डहाणू आणि उंबरगांव तालुक्यांतील वारली लोक वेठीविरुद्ध उठले होते. म्हणजे ज्या माणसांच्या स्वतःच्या श्रमांवरहि त्यांचा हक्क नव्हता, त्यांच्या मुलांना अक्षरें शिकविण्याचा हा संकल्प होता.

बोर्डीस पहिला धडा मुलांनीं बाईंना दिला. बालवाडी उघडली, पण दरिद्री वस्तीतलीं मुलें तिच्याकडे फिरकेनात. शिक्षणाची अनास्था म्हणून दोष देणें सोपें होतें. ताराबाईंनीं कारण शोधलें. आईबाप पहांटेच कामावर जात. मुलाला न्हाऊं कोण घालणार आणि शाळेपर्यंत पोंचवणार कोण? तेव्हां मूल शाळेंत येत नसेल, तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, असें त्यांनीं ठरविलें. शिक्षिका झाडू, पाण्याची बादली आणि फणी घेऊन वस्तींत जाऊं लागल्या. आधीं अंगण झाडावें, मुलांचे हातपाय धुवावे, नखें कापावीं, केंस विंचरावे, आणि मग झाडाखालीं गाणीं आणि गोष्टी सुरू कराव्या, असा क्रम बसला. महाग साधनांची जागा शिंपल्यांनीं, बियांनीं, पानांनीं आणि गोट्यांनीं घेतली. लहानमोठें, खरखरीत-गुळगुळीत, हलकें-जड हें सारें त्यांतूनच शिकवितां येई. अंगणांत भरणारी ती अंगणवाडी. हा शब्द असा कामांतून जन्मला.

या कामांत त्यांना अनुताई वाघ यांची जोड लाभली. तेराव्या वर्षीं विवाह आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य, अशा आघातांतून शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुण्याची नोकरी सोडून १९४५ सालींच बोर्डीस आल्या, त्या कायमच्या. दोघींच्या वयांत अठरा वर्षांचें अंतर होतें. गुरु आणि शिष्या, माय आणि लेक, असें तें नातें होतें.

१९५७ सालीं हें कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाई तेव्हां पासष्ट वर्षांच्या होत्या. नातवंडें मांडीवर घेऊन विश्रांति घेण्याचें हें वय. टेकडीभोंवतीं वारल्यांचे पाडे होते. येथें आणखी एक अडचण दिसली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेंत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड असे. आणि मुलगा येत नसे, कारण त्याच्यामागें गुरें असत. ताराबाईंनीं भावंडासाठीं पाळणाघर, मधल्यासाठीं बालवाडी आणि मोठीसाठीं प्राथमिक शाळा, असें सारें एकाच छत्राखालीं आणलें, आणि तिला ‘विकासवाडी’ असें नांव दिलें. गुराख्यांसाठीं शिक्षक स्वतःच कुरणावर जाऊं लागले. ती कुरणशाळा. गुरें चरत आणि मुलें शिकत.

भारत सरकारनें १९६२ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ सालीं त्या निवर्तल्या. पुढें दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि त्या योजनेंतील केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. अनुताईंनीं कोसबाडचें काम १९९२ मध्यें आपल्या निधनापर्यंत चालविलें.

आज हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यांत पोंचला आहे. परंतु शब्द जितका दूर जातो, तितका त्याचा अर्थ पातळ होण्याचें भय असतें. अंगणवाडी म्हणजे खिचडी वांटण्याची आणि वजन नोंदविण्याची जागा, एवढीच समजूत राहिली, तर अर्धेंच काम झालें. भुकेल्या मुलाला अन्न हवेंच. पण त्याच्या शेजारीं बसून बियांचे ढीग लावणारें, त्याचा शब्द पुरता ऐकून घेणारें आणि न रागावतां पुन्हां दाखविणारें माणूसहि त्याला हवें असतें. शहरांतील घरांनाहि हें लागू आहे. तेथें खेळणीं उदंड झालीं, पण अंगणें गेलीं, आणि आजी कित्येकदां दूरच्या गांवीं राहते. अशा घरांतहि तांदूळ निवडतांना मुलाला शेजारीं बसवितां येतें. त्याला वेळ लागेल, थोडे तांदूळ सांडतील. ते भरण्याचें कामहि त्यालाच द्यावें. ताराबाईंच्या शाळेंतील पहिला पाठ असाच असे.